मदत हवी आहे: बोरू विकायचे आहेत, पण कॅलिग्राफीवाल्यांना नकोशी व्हायचं नाही

नमस्कार मंडळी,

आधी थोडी ओळख देते, म्हणजे अडचण कळेल. राहते दहिसरला, नोकरी गिरगावात खाडिलकर रोडवर, लग्नपत्रिकांच्या दुकानात डीटीपी. १८ वर्षं 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' टाइप करतेय. तीनेक वर्षांपूर्वी रविवारी कॅलिग्राफी शिकायला लागले. विकत आणलेले बोरू, म्हणजे बरू या गवताच्या काडीच्या लेखण्या, देवनागरीला काही चालेनात, म्हणून सासऱ्यांना करून मागितले. ते सुतार, आता घरीच असतात. रोमनसाठी टोकाला जो तिरका काप देतात, त्याच्या उलट बाजूचा आपल्याला लागतो, हे मी त्यांना एकदा कागदावर काढून दाखवलं. आता तेच मला शिकवतात. बरू तासायचा, आतला गर खरवडायचा, मधोमध चीर द्यायची आणि सगळ्यात शेवटी टोक कापायचं. प्रत्येक बोरू शाईत बुडवून दुकानातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदावर 'श्री' काढून बघतात. वेलांटी वळताना रेघ फाटली की तो बोरू बाद. पाचात एक जातोच.

आधी क्लासमधल्या दोघी-तिघींना दिले, मग मागणी आली. आता २ ते ८ मिमीच्या पाच बोरूंचा संच ३५० रुपयांना देते. यावर घर चालत नाही, पण सासऱ्यांचा दिवस छान जातो आणि माझ्या शाई-कागदाचा खर्च सुटतो.

अडचण अशी की माझं गिऱ्हाईक म्हणजेच माझे गुरू आणि सोबती. बरेच जण जे.जे. उपयोजित कलेतून शिकलेले, काही तर मी शाळेत होते तेव्हापासून या कामात आहेत. साडी विकणारीला मैत्रिणी टाळायला लागल्या तर फार तर साडी खपत नाही. मला यांनी टाळलं तर शिकणंच बंद.

आणि मी नेमका तिथेच घोळ घातलाय. दिवाळीच्या आधी सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या 'दिवाळी धमाका, १५ टक्के सूट' हा मेसेज, खाली पणत्यांची रांग, एकापाठोपाठ सहा ग्रुपवर टाकला. वर काय चाललंय ते वाचलंच नाही. ग्रँट रोडला फोन पाहिला, तर एका ग्रुपवर आदल्या रात्री एक ज्येष्ठ सर गेल्याची बातमी होती. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, माझ्या पणत्या, भावपूर्ण श्रद्धांजली. डिलीट केलं, पण तोवर बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. चर्नी रोडला उतरून पुलावर पाचेक मिनिटं तशीच उभी राहिले. माफी मागितली. कोणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं.

दुसरी चूक मुद्दाम केलेली, म्हणून तीही सांगते. एका कार्यशाळेच्या हजेरीच्या यादीतून नंबर घेऊन वैयक्तिक मेसेज पाठवले. दोघांनी विचारलं, "नंबर कुठून मिळाला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

सासरे म्हणतात, "माल चांगला असला की माणूस शोधत येतो." त्यांचं खरं आहे, पण त्यांनी केलेलं कपाट आल्यागेल्याला दिसायचं. बोरू ड्रॉवरमध्ये पडून असतो, तो कोणाला दिसणार?

तर विचारायचं हे. ग्रुपवर किती वेळा सांगितलेलं चालतं? एका नावाजलेल्या सुलेखनकारांना संच भेट दिला होता, ते रील करतो म्हणतात. ते छुप्या जाहिरातीसारखं दिसेल का? २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सगळीकडे अक्षरंच अक्षरं असतात, तेव्हा पोस्ट टाकू की नको? आणि बोरू कापण्याचा व्हिडिओ टाकला तर लोक घरीच करतील आणि धंदा बसेल, असं नवरा म्हणतो.

प्रतिसाद

ताई, मी त्या ग्रुपवर आहे. 'धमाका' मीही पाहिला. राग विकण्याचा नव्हता, न वाचता टाकण्याचा होता. एक करा, ग्रुपवरचे स्वतःचे जुने मेसेज शोधून वाचा. मी वाचले. किंमत, फोटो, किंमत, 'शेवटचे चार संच'. आणि त्याच ग्रुपवर दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं की शाई का पसरते, कागद कोणता घेऊ. तुम्ही १८ वर्षं कागदात आहात! चकचकीत आर्ट पेपरवर शाई वरच राहते, उशिरा वाळते आणि हात लागला की फरफटते, मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा बिनचकाकीचा कागद, शाई पितो, हे आम्हाला पैसे घालवून कळलं. ते सांगा. खाली लिंक नको, नंबर नको. बोरू तुम्ही करता हे लोकांना माहीतच आहे.

बाकी ॲडमिनना सरळ विचारा. आमच्या दुसऱ्या ग्रुपवर महिन्यातला एक रविवार विक्रीसाठी ठेवलाय. त्या दिवशी काय हवं ते टाका, कोणाला खुपत नाही.

प्रतिसाद

मी जाहिरातीत काम करते, म्हणून रीलपुरतं. पैसे दिले नाहीत म्हणून ती जाहिरात नाही, असं होत नाही. ॲस्कीच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या, जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेच्या) २०२१च्या नियमांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूही धरली जाते आणि तसं पोस्टवर ठळकपणे सांगावं लागतं. सरांना म्हणा, आधी जाहिरातीचं लेबल लावा आणि 'संच भेट मिळालाय' हे पहिल्या वाक्यातच बोला. त्यांची इभ्रत राहील, तुमचीही.

ती हजेरीची यादी आजच पुसा. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. लोकांना ही अडचण वाटते, तुमच्यासाठी ती सोय आहे. पार्सलमध्ये चिठ्ठी घाला: 'नवीन माप आलं की कळवू का? हवं असेल तर नंबर सेव्ह करून हो म्हणा.' चाळीस जणच म्हणतील, पण ते चाळीस वैतागणार नाहीत.

२७ फेब्रुवारीला गप्प बसा. त्या दिवशी लोक आपली अक्षरं दाखवतात, तिथे दुकान मांडू नका. पोस्ट जानेवारीत टाका, म्हणजे बोरू वेळेत पोचतील, हात बसेल आणि त्या दिवशी तुमच्याच बोरूने लिहिलेलं फिरेल.

प्रतिसाद

मी मातीची भांडी करते. यजमानांना सांगा, चाकावरचे व्हिडिओ टाकून माझी एकही बरणी कमी खपलेली नाही. बघणाऱ्यांतले बहुतेक करून बघत नाहीत, आणि जे करून बघतात त्यांना आपल्या किमतीचं कारण कळतं. शिवाय ज्यांना स्वतः कापायचंय त्यांना चांगला बरू लागेलच की. न कापलेला बरूही विकायला ठेवा.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने मेसेज वाचले. वर्षभरात ६१, त्यातले कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेले ४. यादी पुसली. कागदाबद्दल काल एकीला उत्तर दिलं, तर खाली तिघांनी आणखी प्रश्न विचारले आणि माझी भाजी करपली.

व्हिडिओला सासरे तयार झाले, पण चेहरा नको, फक्त हात. चीर द्यायची वेळ आली तर चक्क कॅमेऱ्याकडे पाठ केली. मी काही बोलले नाही. दुसरा बोरू घेतला तेव्हा स्वतःच म्हणाले, "आता नीट जवळून घे."

न कापलेल्या बरूची कल्पना आवडली, पण आमच्याकडे पावसाळ्यात बरूला बुरशी धरते. कापलेले बोरू चटकन संपतात, हे महिनोन्महिने पडून राहतील. वर्तमानपत्रात गुंडाळून बघितलं, उपयोग झाला नाही. कोणी वेत-बांबूचं काम करत असेल तर साठवायचं कसं, तेवढं सांगा.