फिलॉसॉफीत बीए करू का? बाबा म्हणतात खाणार काय

फोंडेकरीण:
बारावी आर्ट्स झाली, मार्क बरे पडलेत. लायब्ररीत सॉक्रेटिसवरचं एक जुनं मराठी पुस्तक हाताला लागलं तेव्हापासून डोक्यात फिलॉसॉफी घुसलीय. आजी म्हणते ते तर पाद्री व्हायला शिकतात ना गो, आणि बाबा म्हणतात बीकॉम कर नाहीतर घरी बस. कुणी केलंय का हे? पुढे काय होतं खरंच?

म्हापशेकर_वकील:
आजीचं अगदीच चुकलेलं नाही, सेमिनरीत फिलॉसॉफी शिकवतातच 😄 मी केलंय बीए, मग ३ वर्षांचं एलएलबी, ते कुठल्याही डिग्रीवर करता येतं. आता कोर्टात उभा राहतो तेव्हा सगळ्यात जास्त कामाला येतो तो लॉजिकचा पेपर. उदाहरण देतो. सगळे पाव गोड असतात, पोई हा पाव आहे, म्हणून पोई गोड. यात तर्क एकदम बरोबर आहे हां, पण पोई गोड नसते, म्हणजे पहिलं वाक्यच खोटं आहे. समोरचा वकील तावातावाने बोलत असतो तेव्हा त्याच्या निष्कर्षाशी भांडत बसायचं नाही, त्याचं 'सगळे पाव गोड' कुठं लपलंय ते शोधायचं. आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, न्यायदर्शनात, तर्क मांडणं प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावणं), निगमन (निष्कर्ष) असं पाच पायऱ्यांत येतं, डोंगरावर धूर दिसतो म्हणजे आग आहे वालं. पहिल्या वर्षी पाठ केलं, कळलं मात्र पहिली केस हरल्यावर.

लेक्चर_बेसिस:
वकीलसाहेबांचं ठीक आहे, त्यांच्या हातात दुसरी डिग्री आहे. मी ताळगावला गोवा युनिव्हर्सिटीत एमए केलं, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पण काढली. या विषयाच्या जागाच मोजक्या, वर्षानुवर्षं तासांवर पैसे. शिकवायला मजा येते, खोटं नाही बोलणार, पण जूनमध्ये फोन येईल की नाही या टेन्शनमध्ये मे जातो. फक्त प्रोफेसर व्हायचं म्हणून येत असशील तर दहादा विचार कर. आणि गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोंकणी लागतेच, ती पक्की ठेव.

कदंबातला_प्रवासी:
यूपीएससी कुणी बोललंच नाही. ऑप्शनलचे २ पेपर, २५० २५० मार्कांचे, फिलॉसॉफीचा सिलॅबस बाकीच्यांपेक्षा आटोपशीर म्हणून बरेच घेतात. शिवाय २०१३ पासून एथिक्सचा वेगळा २५० चा पेपर आहे जीएस (जनरल स्टडीज) मध्ये. पण त्यासाठी बीए फिलॉसॉफीच हवी असं नाही, इंजिनियर लोक पण घेतात हा ऑप्शनल, तेव्हा क्लासवाल्यांच्या जाहिरातींवर जाऊ नको.
आणि बाबांना सांग, आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्ध शोधायला घर सोडून निघाले आणि हार्वर्डपर्यंत पोचले. (घर सोडलं तो भाग गाळून सांग.)

फोंडेकरीण:
थँक्यू सगळ्यांना!! लेक्चर_बेसिस, तुमचं वाचून जरा धस्स झालं पण बरं झालं सांगितलंत. बीए आणि मग लॉ असं बाबांपुढे ठेवून बघते. पोईवालं काल जेवताना आईला सांगितलं तर ती म्हणाली आधी उठून पोदेराकडून पोई घेऊन ये, मग बोल. वकीलदादा, इंग्लिश टर्मिनॉलॉजीचं कसं जमवलंत? मी मराठी मीडियमची, म्हणून विचारते.