मदत हवी आहे: एकच ओळ लिहिणाऱ्या मुलाला काय लिहू?

शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही तिसरीच्या मुलांच्या लिखाणावर दर आठवड्याला दोन-तीन ओळींचा अभिप्राय लिहितो. मुलांची प्रत्यक्ष भेट होत नाही. शुद्धलेखन वर्गशिक्षिका बघतात.

आधी 'छान', 'हुशार आहेस' असं लिहायचे. मुलांच्या कौतुकाविषयीचा म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८चा मानसशास्त्रीय अभ्यास वाचल्यापासून हुशारीऐवजी मेहनतीचं कौतुक करते. शिवाय मुलांचंच एखादं वाक्य उचलून प्रश्न विचारते. 'मांजर पत्र्यावरून खाली आलं कसं?' या प्रश्नाला एकीने अख्खं पान भरून उत्तर दिलं, इतका आनंद झाला!

पण एक मुलगा दर वेळी एवढंच लिहितो: 'मी खेळलो.' 'काय खेळलास?' विचारलं, तर पुढच्या आठवड्यात पान कोरं. त्याला दडपण न येता लिहावंसं वाटेल, असं नेमकं काय लिहू?