मदत हवी आहे: रोमन नाण्याचा आधीचा मालक कसा शोधायचा?

म्युनिककर: गेल्या आठवड्यात इथल्या बाजारात एक रोमन नाणं घेतलं. सोबत पुठ्ठ्याची बोटभर चिठ्ठी आहे, जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात, शाईने लिहिलेली. त्यातलं मला फक्त '45 मार्क' (जुनं जर्मन चलन) एवढंच वाचता येतंय. विकणाऱ्याला काहीच माहीत नाही. दोन हजार वर्षांत किती जणांच्या हातातून गेलं असेल, त्यातला निदान एक तरी मला कळायला हवा. झोप उडालीय. लवकर सांगा.

घाटमाथा: अहो, कुठल्या सम्राटाचं? धातू? वजन?

म्युनिककर: राहिलंच. टायबेरियस, चांदी, 3.7 ग्रॅम. मागे बसलेली स्त्री.

सदाफुली: लिंबू आणि खायचा सोडा लावा. आजेसासऱ्यांचे राणीछाप रुपये मी तसेच लखलखीत केले.

घाटमाथा: ताई, कृपा करून असं सांगू नका! ती काळसर झाक वर्षानुवर्षं खणात पडून येते. इटलीत बोस्कोरिआलेला 1895 मध्ये सापडलेली सोन्याची नाणी त्यांच्या तांबूस छटेसाठीच प्रसिद्ध आहेत. घासलं की इतिहास पुसला.

जुना_खजिना: टायबेरियसची ही नाणी कोइमतूरकडे पुष्कळ सापडलीत. भारतात आणणार असाल तर 1972 चा पुरावस्तू कायदा वाचा, परत बाहेर नेणं अवघड.

म्युनिककर: आणायचं नाहीये हो. मालक शोधायचाय.

नीरजा_म: हायडेलबर्ग विद्यापीठाने जुन्या जर्मन लिलावांचे कॅटलॉग स्कॅन करून फुकट ठेवलेत, कुणाचा संग्रह विकला तेही त्यात बरेचदा असतं. ही नाणी हाताने ठोकलेली, दोन अगदी सारखी नसतात. कडेची चीर, सरकलेला ठसा, कापलं गेलेलं अक्षर त्यातल्या फोटोंशी जुळवा. रंग बघू नका, तेव्हा बरेचदा नाण्याच्या प्लास्टरच्या प्रतीचा फोटो छापायचे.

घाटमाथा: कागदांवर फार भिस्त नको. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसचं, 'इड मार' (15 मार्च, खुनाचा दिवस) लिहिलेलं सोन्याचं नाणं 2020 मध्ये लंडनला सुमारे 32 लाख पौंडांना गेलं. मालकीचा इतिहास खोटा निघाला, 2023 मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं.

नीरजा_म: 45 मार्कांसाठी कोण खोटी चिठ्ठी लिहील? माझं सम्राट हेड्रियनचं नाणं मला अकरा महिन्यांनी कॅटलॉगात सापडलं, कानामागच्या चिरेवरून. त्या रात्री मी घरात सगळ्यांना उठवलं होतं.

म्युनिककर: चीर आहे! हनुवटीसमोर, कडेपासून आत. शेवटचं अक्षरही अर्धंच आहे. आजच बसतो.

नीरजा_म: आधी चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. ते वळण मला वाचता येतं.