मराठी क्यूजीआयएस मार्गदर्शिका: प्रकरणं मेनूप्रमाणे लावायची की कामाप्रमाणे?

मलप्रभा, खानापूर

दूधगंगा यांनी काल आराखडा टाकला: क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या आपल्या मराठी मार्गदर्शिकेत वरच्या मेनूच्या क्रमानेच प्रकरणं लावायची. प्रोजेक्ट, एडिट, व्ह्यू, लेयर, सेटिंग्ज असं पुढं, आणि प्रत्येक बटणाला एक परिच्छेद. मला हे अजिबात पटलेलं नाही.

शेताच्या बांधावरून चालून मोबाइलवर हद्द आणलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: किती गुंठे भरलं? मेनूच्या क्रमात त्याचं उत्तर चार प्रकरणांत विखुरणार. एलिप्सॉइड (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार) आणि एकक प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये, सीआरएस (नकाशाची निर्देशांक पद्धत) लेयरमध्ये, फील्ड कॅल्क्युलेटर (रकान्याचं गणित करणारं साधन) ॲट्रिब्यूट टेबलात (माहितीच्या तक्त्यात), आणि सूत्रांची यादी पार शेवटी. घोटाळा होतो तो नेमका या चारांच्या सांध्यात. फाइल ईपीएसजी 4326 मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत, असताना एरिया(@जिऑमेट्री) लिहिलं की उत्तर चौरस अंशांत येतं. आपल्या भागात एका एकराला साधारण 0.00000034. रकान्याला तीनच दशांश दिले असतील तर 0.000 दिसतं आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. डॉलर-एरिया ($area) हे सूत्र वापरलं तर प्रोजेक्टचा एलिप्सॉइड धरून चौरस मीटर येतात, 101.17 ने भागलं की गुंठे. पण प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या जनरलमध्ये क्षेत्रफळाचं एकक एकर ठेवलेलं असेल तर तेच सूत्र एकरात उत्तर देतं. तिथं भागायचं नाही, 40 ने गुणायचं. हे सगळं एका पानावर, याच क्रमाने यायला हवं. बटणांच्या यादीतून हे कुणालाही कळणार नाही.

दूधगंगा, चिकोडी

गुंठ्याचं पान चांगलं होईल, मान्य. पण अशी पानं किती करणार? हद्द काढणे, क्षेत्र काढणे, हिस्से पाडणे, जीपीएसचे बिंदू आणणे, छापायचा नकाशा. प्रत्येकात सीआरएस लावायच्या त्याच पाच पायऱ्या, तीच चार चित्रं. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते. एखादं नाव बदललं की कुठल्या पानांत ते आलंय हे शोधत बसायचं कोणी? मेनूच्या क्रमात एक जागा, एक दुरुस्ती. शिवाय काय लिहायचं राहिलंय हे मेनू समोर ठेवून टिपता येतं. कामांची यादी कधी पूर्ण झाली हे कुणी ठरवायचं?

मलप्रभा, खानापूर

पाच पायऱ्या पानोपानी लिहायच्याच नाहीत. त्यांची एक वेगळी फाइल करायची आणि स्फिंक्स या पानं बांधणाऱ्या साधनाच्या इन्क्लूड आदेशाने हव्या त्या पानात आणायची. दोन गोष्टी मात्र पाळा. तुकड्याच्या फाइलीचं शेपूट डॉट-आरएसटी ठेवू नका, डॉट-इंक ठेवा; नाहीतर स्फिंक्स तिचं स्वतंत्र पान बांधतं आणि कुठल्याच टॉकट्रीत (अनुक्रमणिकेत) नाही म्हणून इशारा देतं. आणि त्या तुकड्यात लेबल (दुव्यासाठीचं नाव) टाकू नका, अनेक पानांत तेच लेबल आलं की डुप्लिकेटचे इशारे सुरू.

पूर्णत्वाचं म्हणाल तर बटणवार माहितीची युजर गाइड क्यूजीआयएसची स्वतःची आहे. ट्रेनिंग मॅन्युअल त्यांनीच वेगळं ठेवलंय. दोन्ही एकत्र कालवायची वेळ आपल्यावर आलेली नाही.

हिरण्यकेशी, संकेश्वर

क्रम कसाही लावा, पण आधी मसुदा नीट वाचा ओ! क्षेत्राच्या पानात 'सातबाऱ्याशी ताडून पाहा' असं लिहिलंय. आमच्याकडं कर्नाटकात सातबारा कुठला? उतारा म्हणतात, कचेरीत पहाणी म्हणतात. शब्दाचं सोडा, आकडाच चुकणार. महाराष्ट्रात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. आपल्या उताऱ्यावर एकर-गुंठे असतात आणि मध्ये टिंब असतं. 2.15 म्हणजे 2 एकर 15 गुंठे, म्हणजे 95 गुंठे, म्हणजे 2.375 एकर. मसुद्यातल्या पद्धतीने वाचणारा 2.15 एकर धरेल आणि नऊ गुंठे गेले कुठं म्हणून शेजाऱ्याशी भांडेल. सूत्र असं द्या: एकूण गुंठ्यांना 40 ने भागून फ्लोअर (खालचा पूर्ण अंक) घेतला की एकर, आणि बाकी काढली की गुंठे.

वेदगंगा, निपाणी

आणि तो नमुन्याचा डेटा! एका तक्त्यात 'बेळगाव', दुसऱ्यात 'बेळगावी'. नावावर जॉइन (दोन तक्ते जोडणं) लावलाय. क्यूजीआयएस चूक दाखवत नाही, जोडलेले रकाने नुसते नल (रिकामे) येतात. शिकणारा तासभर बटणं दाबत बसेल.

मार्कंडेय, बेळगाव

मराठी मार्गदर्शिकेत 'बेळगावी' छापणार असाल तर लिहिणाऱ्यांतून माझं नाव काढा. स्पष्ट सांगतो. गावाचं नाव आम्ही तुमच्या जॉइनसाठी बदलायचं काय?

घटप्रभा, गोकाक

मजकुरात बदला असं कुणी म्हटलंय? नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, 2011 च्या जनगणनेचे तक्ते त्याआधीचे. जुन्या आणि नव्या तक्त्यांत दोन नावं राहणारच. तुम्ही रागवा, नाहीतर मी रागवतो, जॉइन रिकामाच येणार.

मार्कंडेय, बेळगाव

रागाचा प्रश्न नाही. आज नमुन्याच्या तक्त्यात बदल, उद्या मथळ्यात. हे आम्ही पुष्कळ पाहिलंय.

वेदगंगा, निपाणी

म्हणूनच नावावर जोडूच नका. जनगणनेचा गावाचा कोड सहा अंकी आहे, तो घ्या. तालुक्याचा कोड पाच अंकी आणि आपल्याकडं शून्याने सुरू होतो. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की तो शून्य उडतो, चारच अंक उरतात आणि पुन्हा सगळं नल. कोडचा रकाना आयात करतानाच टेक्स्ट करायचा.

दुसरं, शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा जुना फाइल प्रकार) नको. तिच्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना-मात्राही वेगळी मोजली जाते. 'गावाचे नाव' आणि 'गावाचा कोड' दोन्ही 'गाव'वरच तुटतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल प्रकार घ्या, रकान्यांची नावं रोमन ठेवा आणि ॲट्रिब्यूट्स फॉर्ममध्ये मराठी एलियस (दाखवायचं नाव) द्या. पडद्यावर मराठीच दिसेल.

मार्कंडेय, बेळगाव

कोडवर जोडणार असाल तर ठीक. मजकुरात मात्र बेळगाव. यावर मी हटणार नाही.

दूधगंगा, चिकोडी

दोन दिवस गावाच्या नावावर गेले, मूळ मुद्दा तिथंच आहे. इन्क्लूडचं मला माहीत नव्हतं, ते घेतो. पण चित्रांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. एका पानाला बारा चित्रं लागली तर मी ते पान सांभाळणार नाही.

मलप्रभा, खानापूर

चित्र फक्त जिथं चूक होते तिथं. गुंठ्याच्या पानाला दोनच लागतील: जनरलमधल्या एककाची चौकट, आणि कॅल्क्युलेटरमध्ये सूत्राखाली दिसणारं प्रीव्ह्यूचं उत्तर. बाकी पायऱ्या शब्दांत, बटणाचं नाव पडद्यावर आहे तस्संच.

दूधगंगा, चिकोडी

मग गुंठ्याचं पान तुम्ही लिहा, कामाप्रमाणे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर कुठल्या आवृत्तीवर तपासलं ते हवंच. आणि मेनूची सूची मी मागं जोडणार, एका ओळीत एक बटण आणि ते कुठल्या पानात आलंय त्याचा दुवा. ज्या बटणापुढं दुवा नसेल ते राहिलेलं. ती मला काढायला लावू नका.

हिरण्यकेशी, संकेश्वर

आणि 'सातबारा' आजच काढा. 2.15 चं उदाहरण मी लिहून पाठवतो.