मदत हवी आहे : ताडाचं झाड एवढं वाकतं का?

मंडळी, काल भुईकोट किल्ल्यात फिरताना धाकट्या भावाशी जाम वाजलं. ‘बाहुबली २’मध्ये (२०१७) ताडाची झाडं दोरांनी वाकवून, ढालींचा गोळा केलेले सैनिक तटापलीकडे भिरकावतात. भावाला हाच सीन सगळ्यात भारी वाटतो. मला अजिबात पटत नाही. ताड वादळात वाकतो, मान्य. पण एवढ्या उंचावरून आपटल्यावर हाडं शाबूत राहतील?

माझा आवडता सीन पहिल्या भागातला. नायक शिवुडू शिवलिंग उपटून खांद्यावर घेतो, थेट धबधब्याखाली नेऊन ठेवतो. तेही अशक्यच, पण पिंडीवर अभिषेक करायला आईच्या पाण्याच्या खेपा होतात, त्या वाचाव्यात म्हणून करतो ना! दरवेळी डोळे भरतात.

फिजिक्सवाले, ताडी काढणारे कुणी असाल तर सांगा : जुना ताड इतका वाकेल, की मधेच मोडेल? रविवारी भाऊ पुण्याला परत जातोय, त्याआधी कळवा.