बाळ यायच्या आधी औषधांचा डबा भरला होतात का? (अनुभव धागा)

गुलबक्षी
भाचीला आठवा लागलाय. काल वहिनी फोनवर म्हणाली, "बाळ हातात येईपर्यंत घरात काही आणायचं नाही हं." आणि मला एकदम २६ जुलै २००५ ची रात्र आठवली.

लेक तेव्हा अकरा दिवसांचा. आम्ही कुर्ल्याला, मिठीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं. त्यामुळे दुपटी-टोपडी बाळंतविड्यात आलेली, पण थर्मामीटर म्हणाल तर घरात नाही. दुपारपासून पाणी चढायला लागलं, संध्याकाळी लाइट गेली. हे फोर्टात अडकलेले, फोन लागेना. रात्री नऊच्या सुमाराला बाळाचं अंग तापलेलं लागलं. खाली जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्यात. जाणार कुठे? वरच्या काकू पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन आल्या. काखेत धरला, मग मोबाइलच्या उजेडात ती काचेची कांडी बोटांत फिरवत फिरवत पाऱ्याची रेघ शोधत बसलो. ती दिसेपर्यंत माझा जीव कंठाशी आला होता. ९९.२. काकूंनी टोपडं काढलं, एकावर एक गुंडाळलेली दुपटी सोडली. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं, ९८.४. हे दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी आले.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला म्हणतात. मला मात्र ९९.२ हाच आकडा पाठ आहे.

झबली-टोपडी नका आणू, रीत पाळा. पण औषधांचा डबा ही हौस नाही, तो आधीच भरलेला हवा. तुमच्याकडे काय होतं, काय नडलं, लिहा.

हिरवा चाफा
बाई गं, काटा आला अंगावर. मला तेवीस दिवस राहिलेत. डोंबिवली. आत्तापर्यंत फक्त डायपर आणि कापूस आणलाय. यादी द्या ना कोणीतरी.

रात्रपाळी
औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून लिहितो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही एकच गोष्ट नाही. थेंबांच्या १ मिलीत साधारण १०० मिग्रॅ असतं, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, काही बाटल्यांत २५०. म्हणजे लहान दिसणारी बाटली जास्त कडक. सिरपच्या चमच्याने थेंब पाजले तर चौपट औषध जातं. रात्री दोन वाजता झोपेत हे होतं, मी अशी घाबरलेली माणसं काउंटरवर पाहिली आहेत. बाटलीसोबत आलेला ड्रॉपरच वापरा आणि डोस वजनावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं. १०८ नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तेरेखोल
+१. व्हिटॅमिन डीच्या थेंबांचंही तसंच. आमच्याकडे पहिली बाटली १ मिलीत ४०० युनिटची होती, दुसरी आणली ती ८०० ची. बायकोने लेबल वाचलं म्हणून कळलं. ज्या नर्सिंग होममध्ये बाळंतपण झालं तिथे डिस्चार्जच्या वेळी कोणी एक शब्द सांगितला नाही, नुसता कागद हातात दिला. अजून राग येतो.

सुलू_ठाणे
ट्रेनमध्ये आहे, पटकन लिहिते. बाळगुटी कोणी देतं का अजून? माझ्या जावेच्या बाळाला सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग उगाळून मधातून चाटवायच्या. डॉक्टर जाम ओरडले. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही. सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांनी प्रेमानेच केलं होतं गं. सहाण मात्र आजीची, फार सुंदर आहे. घाटकोपर आलं

गिरगावची आजी
आमच्या चाळीत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी आणि रोज ओव्याची, बाळंतशोपांची धुरी. दोन खोल्या धुराने भरून जायच्या. माझी चारही लेकरं त्यात वाढली. नातीच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं की एवढ्याशा छातीला धूर सोसत नाही. त्या दिवशी मी शेगडी माळ्यावर टाकली. नाळेलाही पूर्वी तेल, हळद लावायचो. आता काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, आपली आपण पडते. पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली दुमडून बांधायचा. हे माझं काम होतं आणि मी ते नीट केलं.

हिरवा चाफा
आजी 🙏 लंगोट दुमडायचा हे कोणीच सांगितलं नव्हतं.

माहीमकर
सगळे बाळाचं लिहिताय. बाळंतिणीचं कोण लिहिणार? आम्ही बाळासाठी दोन ड्रॉवर भरले आणि घरी आल्यावर पहिल्या रात्री बायकोसाठी मोठे पॅडच नव्हते. पाऊस, सगळी मेडिकल बंद. शेजारच्या ताईंकडे दार वाजवून मागितले. रक्तस्राव सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो हे मला माहीतच नव्हतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, हेही नंतर कळलं. पॅड, टाक्यांसाठी लिहून दिलेलं औषध, पोट साफ राहायला काहीतरी, हे आधी आणा. नवऱ्यांनो, हे तुम्ही आणा.

बाळ आठव्या महिन्यात झालं, दूध उतरायला वेळ लागला. सायन हॉस्पिटलच्या मिल्क बँकेतलं दूध मिळालं. १९८९ पासून आहे ती, आशियातली पहिली. कुठल्या आयांनी ते दूध दिलं ठाऊक नाही, पण रोज आठवण काढतो.

गुलबक्षी
माहीमकर, वाचताना डोळे भरून आले. कसं आहे बाळ आता?

माहीमकर
पहिलीत आहे. दात पडलेत पुढचे दोन.

अळीवलाडू
मच्छरदाणी राहिली! छत्रीसारखी उघडते ती. दादरला रानडे रोडवर मिळते. पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांना डेंगी झाला होता, आणि एवढ्या लहान बाळाला मलम-बिलम लावता येत नाही. शिवाय सर्दीला नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे (सलाइनचे) थेंब. नाक चोंदलं की बाळ दूध ओढत नाही, आम्ही तीन रात्री जागलो होतो. पावडर, काजळ नको.

अवांतर: मुंबईच्या उकाड्यात अळिवाचे लाडू रोज किती खायचे? आई दोन म्हणते.

गिरगावची आजी
एक पुरे. वर दूध पी.

हिरवा चाफा
लिहून घेतलं सगळं. डिजिटल थर्मामीटर, नाकाचे थेंब, मच्छरदाणी, माझे पॅड, फ्रिजवर नंबर. पॅरासिटामॉलचं पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारते. थर्मामीटर आणायला ह्यांना आत्ताच खाली पाठवलं. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या दुपटी नंतर आण, डबा आज भर.

गुलबक्षी
सेल चालतात का ते दुकानातच बघून घ्यायला सांग गं. आणि डबा कुठे ठेवलाय ते घरातल्या सगळ्यांना दाखव.

सुलू_ठाणे
पोचले घरी. बाळ वर्षाचं झालं की कोणाला सहाण हवी असेल तर माझ्याकडे एक जास्तीची आहे, थोडी झिजलेली.

अळीवलाडू
मला हवी! मला जायफळ उगाळायचंय, बासुंदीला. रविवारी ठाणे स्टेशनला येऊ का?