मारुती ८०० : कूलंट आटतंय, पण खाली थेंब नाही

होटगीरोडकर :
मंडळी, वडिलांची १९९७ ची कार्ब्युरेटरवाली ८००, एमएच १३ पासिंग. आठवड्याला अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गायब. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडाठाक. रविवारी तुळजापूरला निघालो तर घाटात काटा लालला टेकला. आई मागं बसून देवीचं नाव घेत होती, मी काट्याकडं बघत. मेकॅनिक म्हणतो, "हेड उतरवावं लागंल," म्हणजे इंजिनचा वरचा भागच खोलायचा. घरी काही बघता येईल का?

पाना_नंबर_दहा :
आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल बघायची पट्टी, काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का? मग गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं. दोन्ही नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, प्रेशर धरत नाही. गरम असताना मात्र उघडू नका, माझ्या मनगटावर डाग आहे अजून.

सातरस्ता_काका :
चमचाभर हळद टाका की रेडिएटरमध्ये! आमची जीप दोन वर्षं चालली.

पाना_नंबर_दहा :
काका, हळद भोक बुजवते तशा रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार आधीच बसलेला.

होटगीरोडकर :
सापडलं! ऑइल स्वच्छ, बुडबुडे नाहीत. बॅटरी मारून बघितलं तर कार्ब्युरेटरखाली मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाला) जाणारा बारका होज, त्याच्या क्लिपपाशी हिरवट-पांढरी पपडी, मिठागत. गाडी तापली की तिथून पाझरायचं आणि गरम ब्लॉकवरच वाळून जायचं. म्हणून पुठ्ठा कोरडा! मी हुशारी करून क्लिप आणखी आवळली, तर होजच फाटला. नवीन होज, दोन नव्या क्लिपा, नळीचं तोंड पॉलिश पेपरनं घासून घेतलं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, गार इंजिन झाकण काढूनच चालू केलं, हवा निघेपर्यंत वरून भरत राहिलो. जुनं कूलंट बादलीत धरून झाकून ठेवलंय. चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि जिवानिशी जातात.

पाना_नंबर_दहा :
शाब्बास. थर्मोस्टॅट आहे ना जागेवर? इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा तो व्हॉल्व्ह?

होटगीरोडकर :
आत्ता उघडून बघितलं. जागा रिकामी. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "सोलापूरच्या उन्हात कशाला पाहिजे तो? मीच काढायला लावला होता."